दोन कॉलेजे आणि माझी हिशेबाची वही

आमच्या घरी हिशेबाची वही मी लिहिते. पगार किती आला, किराण्याला किती गेले, विहाराच्या वर्गणीला किती दिले, धाकट्याच्या दप्तराला किती लागले, सगळे तीत असते. मी बी.कॉम. झालेली, वाकडच्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे, तेव्हा ही सवय हाताला लागलेलीच आहे. गेल्या उन्हाळ्यात मात्र एक नोंद मी त्या वहीत केली नाही. पंचवीस हजार रुपयांची. ती का केली नाही आणि त्यातून पुढे काय रामायण घडले, ते आज वाचक भगिनी-बंधूंना सांगायचे आहे. मे-जून आला की आपल्या समाजातील घराघरांत प्रवेशाची धावपळ सुरू होते. माझ्या चुकीतून कोणाचे चार पैसे वाचले तर वाचोत.

माझी थोरली बी.ए. झाली. गेल्या दोन-तीन वर्षांपासून तिच्या डोक्यात पत्रकारितेने घर केले होते. हे वेड कोठून आले तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या हिंजवडीच्या वस्तीत बाबासाहेबांची जयंती मोठ्या उत्साहात झाली. सकाळी रक्तदान शिबिर झाले. विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. आयटी पार्कमध्ये हाऊसकीपिंगचे काम करणाऱ्या आमच्या बायकांनी महिनाभर पैसे साठवून त्या अभ्यासिकेला दोन पंखे दिले. संध्याकाळी मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काय आले? जयंतीच्या मिरवणुकीमुळे हिंजवडीत वाहतूक कोंडी, एवढेच. चार ओळी. आता हिंजवडीत राहणाऱ्याला विचारा, येथे वाहतूक कोंडी व्हायला जयंती लागते का? शिवाजी चौकात आणि वाकडच्या पुलावर ती वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस असते. मग कोंडी तेवढी बातमी आणि अभ्यासिका, पंखे, रक्त हे काहीच नाही?

आम्ही मोठी माणसे चिडलो, चहा प्यालो आणि गप्प बसलो. थोरलीने मात्र वहीची चार पाने फाडली आणि त्या दिवशीचा सगळा वृत्तांत हाताने लिहून काढला. रक्त देणाऱ्यांत किती बायका होत्या, पंख्याचे पैसे कसे जमले, अभ्यासिकेत पहिल्या दिवशी किती मुले बसली, सगळे. ती पाने तिने विहाराच्या फलकावर टाचली. आठ दिवस लोक उभे राहून ते वाचत होते. ज्यांना वाचता येत नाही अशा आज्या नातवंडांकडून वाचून घेत होत्या. आपण दिलेल्या पंख्याचे नाव कागदावर आले म्हणून एक बाई तेथेच रडली. तेव्हापासून हिचे ठरले.

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. आनंद का, ते आपल्या लोकांना सांगायला नको. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले आणि त्यातून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मग १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० ची 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत'. एक बंद पडले की दुसरे उभे राहिले. माणसाने पोटाला चिमटा काढून वर्तमानपत्र चालवावे, ही आपली परंपरा आहे. भीती वाटली तीही याच कारणाने. पोटाला चिमटा किती बसणार, हे माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या बाईला आधी दिसते.

तर दोन कॉलेजे समोर आली. एक, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. हे नाव कोणी घेत नाही, सगळे पुणे त्याला 'रानडे' म्हणते. फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात १९६४ पासून हा विभाग आहे. दुसरी एक खासगी संस्था. तिचे नाव लिहीत नाही, कारण तिचा माझ्याशी काही वैरभाव नाही आणि मी जी चूक केली ती माझी होती. दोन्हीकडे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा. थोरलीने दोन्ही परीक्षा दिल्या. खासगी संस्थेचा निकाल आधी लागला. तिची निवड झाली. रानडेची यादी लागायला अवकाश होता.

मी दोन्ही ठिकाणी तिच्याबरोबर गेले. खासगी संस्थेत दारातच गार वाऱ्याची झुळूक आली. काचेच्या भिंती, आत बातम्या वाचण्याचा स्टुडिओ, छताला दिवे टांगलेले, मुले कॅमेरे खांद्यावर घेऊन हिंडत होती. खिडकीवरच्या बाई इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत उत्तर दिले, मग त्याही मराठीत बोलल्या. वागणूक चांगली होती, खोटे कशाला सांगू. त्यांनी एक जाडजूड, गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका दिली. फी, वसतिगृह, जेवण मिळून दोन वर्षांचे बारा लाख. मी फ्रीशिपबद्दल विचारले. त्यांनी ती येथे लागू होत नाही म्हणून मान हलवली.

रानडेत गेलो तर जुनी इमारत, झाडे, पायऱ्यांवर बसून वर्तमानपत्रे चाळणारी मुले. त्याच आवारात जर्मन-फ्रेंच शिकायला येणारी मुलेही दिसली. नोटीस बोर्डावर कागदावर कागद डकवलेले. फी हजारांत मोजता येण्यासारखी. चहाच्या गाडीजवळ एक मुलगा दुसऱ्याशी हमरीतुमरीवर येऊन वाद घालत होता. मला वाटले भांडण लागले. थोरली म्हणाली, "आई, भांडत नाहीत. मथळ्यावरून चाललंय." २०२१ साली हा विभाग तेथून हलवून दुसऱ्या विभागात मिळवण्याचे ठरले होते, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी एवढा विरोध केला की तो निर्णय स्थगित करावा लागला. ज्या जागेसाठी शिकून गेलेली माणसे परत येऊन भांडतात तिथे काहीतरी असेल, असे मला आज वाटते. त्या दिवशी वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर तो स्टुडिओ होता.

याचे कारण माझ्या स्वतःच्या शिक्षणात आहे. बारावीनंतर मला काय शिकायचे आहे असे मला कोणी विचारले नाही. वडील म्हणाले, कॉमर्स कर, चार वह्या लिहिशील, कोणाच्या दारात उभी राहणार नाहीस. त्यांचे म्हणणे त्यांच्या परीने खरे होते. जवळचे, स्वस्तातले कॉलेज मिळाले. तेथे मी शिकले, नोकरीला लागले, त्या नोकरीवर घर चालले. तरीही स्वस्त आणि जवळ या दोन शब्दांची मला चीड बसलेली आहे. आपल्या पोरांनी नेहमी जवळचेच आणि स्वस्तच का घ्यावे? वरची पायरी काय फक्त दुसऱ्यांसाठी बांधली आहे? हा राग माझ्या मनात वीस वर्षे होता, आणि त्या थंडगार दालनात तो उसळून वर आला.

खासगी संस्थेने जागा राखून ठेवण्यासाठी पंचवीस हजार भरायला सांगितले होते. मुदत चार दिवसांची. त्याच महिन्यात बायकांच्या भिशीत माझा नंबर लागला होता. मी घरात कोणाला न सांगता ते पैसे भरून टाकले. वहीत नोंद केली नाही. पावती साड्यांच्या घडीखाली ठेवली.

दुसऱ्या रविवारी विहारातील वंदना झाल्यावर घरी चर्चेला बसलो. मला वाटले होते, मुलांचे पप्पा खर्चाला नाही म्हणतील आणि मला त्यांच्याशी भांडावे लागेल. झाले उलटेच. हे भोसरीत एमआयडीसीमध्ये मशिनवर काम करतात, फार बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "गावाकडचे दोन गुंठे विकू. नाहीतर कर्ज काढू. बाबासाहेबांनीही कर्ज काढूनच शिक्षण पुरे केलं." धाकट्याने लगेच मान डोलावली, जणू कर्ज तोच फेडणार होता.

यांचे म्हणणे खोटे नव्हते. बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले तेव्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. हे सगळे खरे. पण मधल्या काळात काय केले? नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापकी केली आणि काटकसर करून शिल्लक टाकली. सिडनहॅम म्हणजे कॉमर्सचे कॉलेज, हे आम्हा बी.कॉम.वाल्यांना जरा अभिमानाने आठवते. म्हणजे आधी शिल्लक, मग कर्ज, आणि कर्ज कशासाठी घ्यायचे तेही पक्के. आपण भाषणात फक्त कर्जाचा भाग सांगतो. शिल्लक टाकण्याचा भाग टाळ्यांच्या कामाचा नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरे, पण साड्यांखालची पावती मला आतून टोचत होती.

मग मी वही काढली. रोज दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते लिहिते, ते त्या रात्री आपल्या घराचे लिहिले. बारा लाखांपैकी दोन लाख आमच्याकडून कसेबसे उभे राहिले असते. उरले दहा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणजे गावाकडचा जमिनीचा तुकडा गेलाच. दहा लाखांना साडेदहा टक्के व्याज धरले, सात वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे सोळा हजार नऊशे रुपये होतो. सात वर्षांत भरायचे एकंदर चौदा लाखांच्या वर. शिकत असतानाचे व्याज आणखी वेगळे. मराठी वर्तमानपत्रात नव्या वार्ताहराला सुरुवातीला काय मिळते याची थोरलीने चौकशी केली होती. तिला पंधरा ते अठरा हजारांचे आकडे सांगण्यात आले. सगळा पगार हप्त्यात गेला असता आणि पोरीने बसचा पास माझ्याकडे मागितला असता.

थोरली शांतपणे ऐकत होती. तिने ती गुळगुळीत पुस्तिका उघडली आणि मागची पाने माझ्यापुढे धरली. तेथे आधीच्या मुलामुलींना कोठे नोकऱ्या लागल्या त्यांची यादी होती. पगार चांगले होते. मी आकडेच पाहिले होते, तिने नोकऱ्या पाहिल्या होत्या. जाहिरात कंपन्या, मोठ्या कंपन्यांचे जनसंपर्क विभाग, समारंभ भरवणाऱ्या संस्था. बातमीच्या कामाला गेलेली मुले बोटावर मोजण्याइतकी. ती म्हणाली, "आई, यात त्यांचं काही चुकत नाही. एवढी फी भरलेल्या मुलाला बातमीत जाणं परवडतच नाही. मी तिथे गेले तर मलाही जाहिरातीतच जावं लागेल. मग आयटी पार्कमधल्या कंपनी किती चांगली आहे ते मी लिहीन, आणि तिथल्या बाथरूम धुणाऱ्या बायकांना पगार वेळेवर मिळतो की नाही ते कोण लिहील?"

पतसंस्थेत वीस वर्षे काढून मला जे दिसले नाही ते हिला दिसले. कर्जाचा हप्ता माणसाकडून कोणते काम करून घेतो, हे मी दर महिन्याला टेबलाच्या पलीकडे बघते. एक माणूस गाडीच्या हप्त्यासाठी रात्रपाळी सोडू शकत नाही, दुसरा घराच्या हप्त्यासाठी युनियनच्या बैठकीला येत नाही. लेखणीचेही तसेच होईल हे मनात आले नव्हते.

तरीही मी पुरती मान्य झाले नव्हते. माझा प्रश्न ओळखीचा होता. महाग संस्था नुसते शिक्षण विकत नाही, ओळख विकते. नोकरी देणारे तेथे चालत येतात. आमच्या पोरीला वर्तमानपत्राच्या कचेरीत कोण ओळखते? ही काही रिकामी शंका नाही. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने 'पायोनियर' या इंग्रजी वृत्तपत्रात एक लेख लिहिला. एका परदेशी वार्ताहराने त्यांना विचारले होते, तुमच्या ओळखीचा एखादा दलित पत्रकार आहे का? तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला असा एकही भेटला नाही हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दिल्लीतील ६८६ मान्यताप्राप्त वार्ताहरांची सरकारी यादी काढून शोध घेतला, तरी एकही सापडला नाही. ही जुनी गोष्ट म्हणावी, तर २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉण्ड्री यांनी केलेल्या पाहणीत वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके, संकेतस्थळे मिळून नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय निघाले. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. आमच्या जयंतीची बातमी वाहतूक कोंडी का होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे असे मला वाटते.

दरवर्षी २५ डिसेंबरला आम्ही सारे देहूरोडला जातो. १९५४ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तेथे रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेथे भेटणारे एक गृहस्थ एका मराठी दैनिकात बातम्या तपासण्याच्या टेबलावर आहेत, समाजाचेच आहेत. त्यांना मी फोन केला. त्यांनी मला गोड काही सांगितले नाही. म्हणाले, ताई, रानडेत कोणी हात धरून नोकरीला नेत नाही. तेथे शिकून निघालेली माणसे पुण्याच्या मराठी वर्तमानपत्रांत जागोजागी आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोरीला स्वतः पोचावे लागेल. पहिल्या वर्षापासून कोठेतरी लिहावे लागेल, फुकट लिहावे लागेल, संध्याकाळी सातला कॉलेज सुटल्यासारखे घरी येऊन चालणार नाही. आणि इंग्रजी. मराठीत लिहायचे असले तरी अर्धी बातमी इंग्रजीतून येते, ते कच्चे राहिले तर तिला कायम मागच्या बाकावर बसवतील. मी विचारले, आडनावाचे काय? ते थोडे थांबले आणि म्हणाले, "आडनावाचं ते दोन्हीकडे सारखंच आहे. त्याला फी भरून सूट मिळत नाही."

त्या रात्री मी पावती काढून थोरलीच्या हातात दिली.

मला वाटले होते ती रडेल किंवा गळ्यात पडेल. ती रागावली. तशी रागावलेली मी तिला क्वचित पाहिली आहे. म्हणाली, "तू तुझ्या वडिलांवर रागावतेस ना, त्यांनी तुला न विचारता कॉमर्सला घातलं म्हणून? मग तू काय केलंस?" मुलांचे पप्पा नुसते खाली बघत होते. मला बोलायला शब्द नव्हता. स्त्री-मुक्तीवर मी वस्तीवस्तीत बोलते. लेकीला न विचारता तिचे भविष्य पंचवीस हजारांना राखून ठेवणारी बाई मीच.

चार दिवसांनी रानडेची यादी लागली. तिचे नाव होते. शेजारच्या एका बाईंनी विचारले, कोट्यातून का? थोरली म्हणाली, "हो काकू, आणि परीक्षा देऊन." मग त्या काही बोलल्या नाहीत.

पंचवीस हजारांचे काय झाले ते सांगते, कारण हे सर्वांना माहीत असायला हवे. संस्थेने आधी पैसे परत मिळत नाहीत असे सांगितले. पावतीवरही तसे छापलेले होते. पण छापील ओळ म्हणजे कायदा नव्हे, हे क्लार्कला कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परत करण्याविषयी अधिसूचना काढलेली आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत द्यायची. त्यातून कागदपत्रांच्या खर्चापोटी जास्तीत जास्त पाच टक्के, आणि तेही पाच हजारांच्या आत, कापता येतात. जसा उशीर होईल तशी परत मिळणारी रक्कम कमी होत जाते, आणि अंतिम तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. म्हणून थांबू नये. त्या-त्या वर्षी आयोग नवे परिपत्रकही काढतो, तेही पाहावे. मी अधिसूचनेचा उल्लेख करून अर्ज लिहिला, पोच घेतली. उत्तर नाही. दुसरा अर्ज. उत्तर नाही. तिसऱ्या अर्जाखाली प्रत रवाना म्हणून आयोगाचे नाव लिहिले. नऊ दिवसांत २३ हजार ७५० रुपये खात्यात जमा झाले. साडेबाराशे रुपये गेले. ते मी वहीत 'स्वतःची फी' म्हणून लिहिले आहेत.

फ्रीशिपचेही थोडे लिहिते, कारण आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. वर असेल तर आपल्याला काहीच नाही असे समजून लोक घरी बसतात. तसे नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, उत्पन्न अडीच लाखांच्या वर असले तरी, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना राज्य सरकारकडे आहे. तिलाच फ्रीशिप म्हणतात. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. मात्र प्रत्येक संस्थेला आणि प्रत्येक प्रकारच्या प्रवेशाला ती लागू नसते. फी भरण्याआधी तोंडी नव्हे तर लेखी विचारावे. आमच्या दोघांच्या पगाराची बेरीज अडीच लाखांच्या वर जाते, म्हणून आम्ही यात बसलो. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, आधारला जोडलेले बँकेचे खाते आणि मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर खंड प्रमाणपत्र. हे सगळे एप्रिलमध्येच एका पिशवीत घालून ठेवावे. जुलैमध्ये तहसीलच्या रांगेत उभे राहिलेल्या आईबापांचे चेहरे मी पाहिले आहेत. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत दर शनिवारी संध्याकाळी मी हे अर्ज भरून देते. गेल्या हंगामात अकरा मुलांचे भरले.

परत आलेल्या पैशांत थोरलीला जुना पण चांगला लॅपटॉप घेतला. गावाकडचे दोन गुंठे जागेवर आहेत. इंग्रजीची शिकवणी लावली आहे, तिचे पैसे हे ओव्हरटाइममधून देतात आणि कोणाला सांगू देत नाहीत, म्हणून येथे लिहिते.

रोजचा प्रवास मात्र जीव काढतो. सकाळी सारे जग हिंजवडीकडे येते आणि आमची मुलगी हिंजवडीतून बाहेर जाते. वाटते उलट्या दिशेला रस्ता मोकळा असेल, पण वाकडच्या पुलापर्यंत दोन्ही बाजू सारख्याच तुंबलेल्या. मेट्रोच्या खांबांखालून मनपाची बस मुंगीच्या पायाने जाते. दोन तास जाणे, दोन तास येणे. खासगी संस्थेत वसतिगृह होते, तेथे हे चार तास वाचले असते. हा तोटा मी वहीत कसा लिहावा ते मला कळलेले नाही. ती बसमध्ये वाचते म्हणते. उभे राहून किती वाचणार?

पहिले सहा महिने तिला कोठे लिहायला मिळाले नाही. ज्या दोन ठिकाणी गेली तेथे नाव-पत्ता लिहून घेतला आणि पुढे कोणी बोलावले नाही. घरी येऊन न जेवता झोपायची. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर तो दिव्यांचा स्टुडिओ यायचा, आणि आपण चुकलो का, असे वाटायचे. मी तिला तसे विचारले नाही. नंतर एका छोट्या साप्ताहिकाने तिला मुद्रिते तपासायला बसवले, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पैसे नाहीत. तेथून तिची पहिली बातमी छापून आली. आमच्याच भागातील सफाई कामगार बायकांचा दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराकडे अडकला होता, त्याची. आठ ओळी. खाली नाव नाही. मी तो अंक शनिवारी अभ्यासिकेत नेला. पंखे दिलेल्या बायकांपैकी तिघी त्या बातमीत होत्या. एकीने विचारले, "हे आपल्या पोरीनं लिहिलंय ना? मग तिचं नाव का नाही?" मी म्हटले, अजून नवीन आहे. ती म्हणाली, "मग आमची तरी नावं घालायची नव्हती, ठेकेदार कामावरनं काढील."

हे थोरलीला सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. रात्री उशिरापर्यंत ती त्या बाईंच्या घरी जाऊन बसली होती. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसला जाताना माझ्या वहीतले एक कोरे पान मागून घेऊन गेली.